आधी गोष्ट, मग गणित

कंचेभागुबेव हा शब्द ज्यांनी दप्तर पाठीवर असताना एका श्वासात म्हटला, ती माणसं आता साठीच्या आसपास आली आहेत. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. पाचवी-सहावीच्या गणितात वर ‘सरळरूप द्या’ असं लिहिलेलं असे आणि खाली अंकांची, चिन्हांची, तीन तऱ्हेच्या कंसांची लांबलचक ओळ. आधी आतला साधा कंस, मग महिरपी, मग चौकटी. कंस सुटले की उरलेलं कंचेभागुबेवच्या क्रमाने. शाळेत उत्तर जुळलं की बाईंची बरोबरची खूण व्हायची आणि विषय संपायचा. आमच्या घरात तो तिथे सुरू व्हायचा.

घर साताऱ्याचं, शनिवार पेठेतलं. अप्पा, म्हणजे आमचे आजोबा, एका अडत दुकानात दिवाणजी होते. आजी शाळेत फारशी गेलेली नव्हती, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी तिच्या जिभेवर होत्या. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मोठ्या काकांचं वह्या-पुस्तकांचं दुकान, बाबा कचेरीत आणि धाकटे काका मुंबईला, गिरगावात. मुंबईची भावंडं इंग्रजी शाळेत शिकत. मे महिन्यात ती एसटीने येऊन उतरली की घर भरून जाई.

माजघराच्या एका भिंतीवर आत्याने काळा रंग लावून फळा करून घेतला होता. चौथीच्या नाही तर सातवीच्या स्कॉलरशिपला बसणारं कोणी ना कोणी घरात दरवर्षी असायचंच, त्यांच्यासाठी तो फळा. रात्रीची जेवणं झाली, ओटा आवरला, की आत्या त्यावर एक पदावली लिही. उत्तर द्यायची मुभा सगळ्यांना असे, अगदी अप्पांपासून शेंडेफळापर्यंत. एरवी मोठ्यांपुढे आवाज चढवायची आमच्या घरात रीत नव्हती. फळ्यापाशी मात्र दहा वर्षांचं पोर अप्पांना ‘नाही, चुकलं’ म्हणू शकत असे, फक्त का ते सांगता आलं पाहिजे. घराच्या बाकी कारभारात आत्याचं मत शेवटी विचारलं जाई. इथे ते सगळ्यांत आधी विचारलं जाई. त्या वादांनी आम्हां भावंडांना जे दिलं ते मला फार मोलाचं वाटतं, आणि ते काय होतं हे नीट सांगावं म्हणून हे लिहिते आहे.

पहिला वाद आठवतो तो बेरीज-वजाबाकीचा. फळ्यावर १० − ४ + ३. धाकटी चुलत बहीण म्हणाली, तीन. कंचेभागुबेवमध्ये ‘बे’ आधी आणि ‘व’ नंतर, म्हणून चार आणि तीन सात, दहातून सात गेले, राहिले तीन. सातवीतला दादा म्हणाला, नऊ. दोघांनी एकाच नियमाची साक्ष काढली होती आणि उत्तरं दोन आली होती. ताईने धाकटीची बाजू घेतली. नियमात दिलंय तसं करायचं नसेल तर नियम पाठ कशाला करायचा, हा तिचा मुद्दा, आणि तो काही खोटा नव्हता.

आत्याने कुणालाच चूक म्हटलं नाही. ती म्हणाली, “गोष्ट सांगा.” ही तिची पद्धतच होती. पदावली दिसली की तिच्यामागचा व्यवहार सांगायचा. तो सांगता आला नाही, तर उत्तराला किंमत नाही. आधी गोष्ट, मग गणित. धाकटी विचार करून म्हणाली, “दहा रुपये होते. चार खर्च झाले. मग बाबांनी तीन दिले.” सांगून व्हायच्या आतच तिच्या लक्षात आलं की हातात नऊ उरतात. तिच्या तीनची गोष्ट निराळी होती. दहा रुपये होते, त्यातून चारचं कंपास आणि तीनचं पेन घेतलं. ही गोष्ट लिहायची तर १० − (४ + ३) अशी, कंस घालून.

मग आत्याने मेख उलगडून दाखवली. वजाचं चिन्ह त्याच्या लगतच्या चारला लागतं, पुढच्या तीनपर्यंत ते पोहोचत नाही. बेरीज आधी करायचीच तर दहा आणि तीन तेरा करा, त्यातून चार काढा, तरी नऊच. म्हणजे बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर उभ्या आहेत, डावीकडून उजवीकडे जात राहायचं. भागाकार आणि गुणाकार यांचंही तसंच. २४ ÷ ६ × २ म्हणजे चार दुणे आठ. इथे कुणी आधी सहा दुणे बारा केले, तर उत्तर दोन येईल. आमच्या सूत्रात ‘भा’ आधी असल्यामुळे मराठी शाळेतली मुलं या ठिकाणी सहसा अडखळत नाहीत.

पुढे कित्येक वर्षांनी अमेरिकेत वाढलेली पुतणी आली, तेव्हा कळलं की तिकडचं सूत्र ‘पेमडास’. त्यात गुणाकाराचं अक्षर भागाकाराच्या आधी येतं. ते लक्षात राहावं म्हणून तिकडच्या मुलांना सॅली नावाच्या मावशीबद्दल क्षमा मागणारं एक वाक्य शिकवतात. अक्षरांवर विसंबून राहिलेलं मूल तिथे २४ ÷ ६ × २ चे दोन करून बसतं. इकडच्या आणि तिकडच्या शिक्षकांच्या मनातला नियम एकच असतो. पण ‘या दोघी एकाच पायरीवर’ ही गोष्ट अक्षरांच्या रांगेत मावत नाही, आणि जे सूत्रात मावत नाही ते मुलांपर्यंत पोहोचत नाही.

सगळ्यांत रंगलेला वाद ‘चे’चा. आत्याने लिहिलं, १२ ÷ ६ चे १/२. मुंबईच्या भावाने झटक्यात उत्तर दिलं, एक. ‘ऑफ’ म्हणजे गुणाकार. बारा भागिले सहा दोन, त्याचे निम्मे एक. आमच्याकडची भावंडं चारवर ठाम. त्याच्या इंग्रजी शाळेतल्या बॉडमास या सूत्रातला ‘ओ’ आणि आमचा ‘चे’ एकाच जागी बसतात, कंसानंतर आणि भागाकाराच्या आधी, हे त्यालाही ठाऊक होतं. तरी त्याला ते पटेना. त्याचा प्रश्न बिनतोड होता. ‘चे’ म्हणजे गुणाकारच ना? मग गुणाकार भागाकाराच्या मागून आणि ‘चे’ पुढून, असं का? एकाच क्रियेला दोन जागा कशा?

आजी कोपऱ्यात वाती वळत बसली होती. ती म्हणाली, “अरे, सहाचे निम्मे तीन. ती एकच संख्या आहे. बारा त्या तिघांत वाट.” तिला ‘÷’ हे चिन्ह वाचता येत नव्हतं. निमकी मात्र तिच्या कानात पक्की होती, आणि ‘सहाचे निम्मे’ तिच्या कानाला एकसंध ऐकू येत होतं.

आत्याने मग दोन गोष्टी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिल्या. पहिली अशी. सहा मुलांना जेवायला बोलावलं, त्यांतली निम्मीच आली, बारा लाडू त्यांच्यात वाटले, प्रत्येकाला चार. दुसरी अशी. बारा लाडू सहा मुलांत वाटले आणि एका मुलाने आपल्या वाट्याचे निम्मे खाल्ले. त्याने खाल्ला एक. दोन्ही गोष्टी खऱ्या, दोन्ही हिशेब खरे. प्रश्न एवढाच की फळ्यावरची ओळ यांतली कुठली गोष्ट सांगते आहे. ‘सहाचे निम्मे’ आपण बोलताना तोडत नाही, म्हणून लिहितानाही ते एक पद मानायचं असं गणित शिकवणाऱ्यांनी ठरवलं. हे आकाशातून पडलेलं नाही, माणसांनी आपसांत केलेला करार आहे, हे आत्याने त्या रात्री आम्हांला स्वच्छ सांगितलं. दुसऱ्या गोष्टीला ती ओळ हवी असेल तर (१२ ÷ ६) चे १/२ लिहा. मुंबईच्या भावाचं समाधान झालं ते या उत्तराने. करार त्याला मान्य होता. करार आहे हे कुणी सांगत नव्हतं, म्हणून तो भांडत होता.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी लीलावतीतलं कंजुषाचं गणित घातलं. एका कृपणाने भिकाऱ्याला दान दिलं. किती दिलं? एका द्रम्माच्या अर्ध्याचे दोन तृतीयांश, त्याचे तीन चतुर्थांश, त्याचा पाचवा हिस्सा, त्याचा सोळावा हिस्सा आणि त्याचा चौथा. तर कवड्या किती? आम्ही सगळे पाटी-पेन्सिल घेऊन बसलो. अर्ध्याचे दोन तृतीयांश म्हणजे एक तृतीयांश, त्याचे तीन चतुर्थांश म्हणजे पाव, पावाचा पाचवा हिस्सा म्हणजे विसावा, त्याचा सोळावा म्हणजे तीनशे विसावा, त्याचा चौथा म्हणजे बाराशे ऐंशीवा. द्रम्माचे १६ पण, एका पणाच्या ४ काकिणी, एका काकिणीच्या २० कवड्या. गुणून पाहिलं तर द्रम्माच्या कवड्या बरोबर १२८०. म्हणजे एवढं सगळं करून दान झालं एका कवडीचं. आजीसकट सगळं घर हसलं.

भास्कराचार्यांची लीलावती ११५० मधली. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात आहे. अपूर्णांकाच्या अपूर्णांकाला लीलावतीत प्रभागजाति असा स्वतंत्र प्रकारच दिलेला आहे. आमच्या फळ्यावरचा ‘चे’ इतका जुना आणि इतका घरचा आहे, हे कळल्यावर आम्हांला त्याच्याबद्दल वेगळाच जिव्हाळा वाटू लागला.

त्याच गणितात दादाने एक गोष्ट टिपली, आणि ती माझ्या डोक्यात कायमची बसली. कंजुषाच्या दानाचा हिशेब कुठल्याही टोकाने सुरू करा, मधूनच दोन अपूर्णांक उचलून आधी गुणा, उत्तर तेच येतं. नुसत्या ‘चे’च्या साखळीत भांडायला जागा नाही. भागाकार शेजारी येऊन बसला की भांडण लागतं, कारण कशाला भागायचं आणि कशाने भागायचं हे सांगावं लागतं, आणि तो भाजक नेमका कुठे संपतो हेही.

अप्पा आमचे वाद आवडीने ऐकत, पण म्हणत, “आमच्या वहीत असलं काही येत नाही.” ते खरंच होतं. त्यांच्या रोजकिर्दीत जमा एकीकडे, नावे दुसरीकडे. मालाचं नाव, वजन, दर आणि उजवीकडे रक्कम. गुणाकार त्या त्या ओळीतच पुरा होऊन रक्कम आपल्या जागी बसायची, बेरीज खाली. रुपये-आणे-पै होते तेव्हा तीन रकाने, सोळा आण्यांचा रुपया, बारा पयांचा आणा. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा रकाने बदलले, मांडणी बदलली नाही. तिथे कुठली क्रिया आधी आणि कुठली नंतर, हे जागाच सांगत असे.

अपूर्णांकही मुळात उभेच मांडायचे. वर अंश, खाली छेद. लीलावतीच्या काळी आपल्याकडे मधली रेघसुद्धा ओढत नसत. अशा उभ्या मांडणीत छेद कुठवर आहे ते डोळ्यांनाच दिसतं. तीच गोष्ट एका आडव्या ओळीत दाबून बसवली की ते दिसेनासं होतं. आमचे पुढचे सगळे वाद या आडव्या ओळीतून निघाले.

ऐंशीच्या दशकात मोठ्या काकांच्या दुकानात कॅल्क्युलेटर आला आणि वादात तिसरा पक्ष आला. २ + ३ × ४ दाबलं की तो २० दाखवी. दादा तोवर सांगलीला, वालचंद कॉलेजात इंजिनिअरिंगला गेला होता. त्याच्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर तेच १४ येई. काका म्हणत, मशीन कशाला खोटं बोलेल? दादा म्हणे, खोटं कुठलंच बोलत नाही. दुकानातलं यंत्र बटण दाबाल तसं करत जातं. दोन आणि तीन पाच झाले की त्याच्यापुरता मागचा हिशेब संपला, पाचाला चाराने गुणून ते मोकळं. दादाचं यंत्र बरोबरचं चिन्ह दाबेपर्यंत थांबतं आणि गुणाकार आधी उरकतं. आज कॉम्प्युटरवरच्या विंडोज कॅल्क्युलेटरमध्येही हे पाहता येतं. साध्या प्रकारात २ + ३ × ४ चे २०, सायंटिफिक प्रकारात १४.

काकांनी त्यावर काय केलं ते सांगण्यासारखं आहे. ते शाळेचं गिऱ्हाईक करत, वह्यांचे गठ्ठे, पेन्सिलींची खोकी. बारा रुपयांच्या तीन वह्या आणि पंचेचाळीसच्या दोन कंपास-पेट्या असं बिल असलं, की ते १२ × ३ करून ‘एम प्लस’ दाबत. पडद्याच्या कोपऱ्यात बारीकसं ‘एम’ उमटे. मग ४५ × २, पुन्हा ‘एम प्लस’. शेवटी ‘एम आर’ दाबलं की १२६. अप्पांनी ते पाहिलं आणि लगेच ओळखलं, “ही तर माझी उजवीकडची ओळ.” गुणाकार ज्याचा त्याच्या जागी पुरा करायचा, रकमा बाजूला साठवायच्या, बेरीज अखेरीस. दिवाणजींची वही काकांच्या बोटांखाली बटणं होऊन आली होती. कंस काय करतो हे मला त्या दिवशी नीट कळलं. तोही एक हिशेब पुरा करून बाजूला ठेवतो.

मग फोन आले, भावंडं पांगली. कोणी पुण्याला, कोणी नाशिकला, मुंबईच्या भावाची मुलगी न्यू जर्सीत. घरातला फळा गेला आणि त्याची जागा व्हॉट्सअ‍ॅपच्या कुटुंबाच्या ग्रुपने घेतली. एका दिवाळीत त्यावर ६ ÷ २(१ + २) आलं आणि आमचे जुने पक्ष जसेच्या तसे उभे राहिले. एक गट म्हणे नऊ: कंस सोडवला, तीन आले, आता सहा भागिले दोन तीन, तीन त्रिक नऊ. दुसरा म्हणे एक: दोन हा कंसाला चिकटलेला आहे, आधी दोन त्रिक सहा, मग सहा भागिले सहा. पुतणी पेमडास घेऊन आली, पुण्याचा भाचा एक्सेल घेऊन आला. तो म्हणाला, एक्सेलमध्ये वजा तीनचा वर्ग घातला तर अधिक नऊ येतात आणि त्याच्या रोजच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत उणे नऊ. मग यंत्राची साक्ष काढून उपयोग काय?

त्याचं म्हणणं रास्त होतं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या एकाच कंपनीच्या दोन कॅल्क्युलेटरांचं या ओळीवर एकमत नाही. टीआय-८२ चिकटलेला गुणाकार आधी करतो आणि एक म्हणतो. त्याच्या पाठोपाठ आलेला टीआय-८३ डावीकडून उजवीकडे जातो आणि नऊ म्हणतो. २०१९ मध्ये ८ ÷ २(२ + २) वरून जगभर असंच रान उठलं. कॉर्नेल विद्यापीठाचे गणिती स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांना न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यावर लेख लिहावा लागला. शाळेच्या नियमाने त्याचं उत्तर सोळा, चिकटलेला गुणाकार आधी घेणाऱ्यांचं एक.

यात अडाणीपणा कुणाचाच नाही, हे मला आवर्जून सांगायचं आहे. दोन्ही बाजूंना शाळेनेच शिकवलेलं आहे. आठवीत आपण १२अब ÷ ३अ सोडवतो आणि बेधडक ४ब लिहितो. कुणी ‘बारा अब भागिले तीन, आलेल्या उत्तराला पुन्हा अने गुणा’ असं करत नाही. म्हणजे बीजगणितात चिकटलेला गुणाकार आपण आधी घेतो आणि अंकगणितात डावीकडून उजवीकडे जातो. नेल्स लेनेस या गणितज्ञाने १९१७ मध्ये अमेरिकन मॅथमॅटिकल मंथलीत नेमकी हीच विसंगती मांडली होती. पुस्तकातला नियम एक सांगतो आणि प्रत्यक्षात सगळे गणिती दुसरंच करतात, असं त्याचं म्हणणं. चिन्हांचा इतिहास लिहिणाऱ्या फ्लोरियन कॅजोरी यांनीही १९२८ मध्ये नोंदवून ठेवलं की भागिले आणि गुणिले एकत्र आले तर आधी कोणतं, यावर एकमत नाही.

आणि पाहा, हा प्रश्न आमच्या ‘चे’चाच आहे. मुंबईच्या भावाने विचारलेला, एकाच क्रियेला दोन जागा कशा, तोच. आपल्या मराठी सूत्राने ‘चे’ला गुणाकारापासून वेगळी, वरची जागा दिली आणि ‘सहाचे निम्मे’ एकत्र राखलं. कंसाला चिकटलेल्या दोनला मात्र सूत्रात अक्षर नाही. जे अक्षरात नाही त्यावर भांडण होणारच.

ग्रुपवर तीन दिवस चाललेल्या वादात ताईने शेवटी आत्याची रीत काढली. आत्या जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. ताईने लिहिलं, “उत्तर नको, गोष्ट सांगा.” न्यू जर्सीच्या मुलीने गोष्ट लिहिली. दोन घरं, प्रत्येक घरात एक आई आणि दोन मुलं, सहा लाडू सगळ्यांत सारखे वाटले, प्रत्येकाला एक. भाच्याने दुसरी लिहिली. सहा रुपयांना दोन वह्या मिळतात, एक ताईने घेतली आणि दोन दादाने; मिळून नऊ रुपये झाले. दोन्ही गोष्टी वाचल्यावर कुणालाही हटवादीपणा करायला जागा राहिली नाही. लाडवांची ओळ ६ ÷ [२ × (१ + २)], वह्यांची ओळ (६ ÷ २) × (१ + २). ज्याने मूळ ओळ टाकली त्याच्या मनात यांतली एकही गोष्ट नव्हती. म्हणून तिला उत्तर नव्हतं.

मला या सगळ्यातून जे म्हणायचं आहे ते एवढंच. पदावली हे कुणीतरी कुणालातरी सांगितलेलं असतं. सांगणाऱ्याला आपला हिशेब माहीत असतो, वाचणाऱ्याला नसतो. म्हणून स्पष्ट लिहायची जबाबदारी लिहिणाऱ्याची आहे. वाचणाऱ्याने चकावं म्हणून मुद्दाम कंस गाळलेली ओळ हे अवघड गणित नव्हे, ते अपुरं लिहिलेलं गणित आहे. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनेही आपल्या गणिती चिन्हांच्या मानकात ‘÷’ हे चिन्ह भागाकारासाठी वापरू नये असं म्हटलं आहे. अपूर्णांकाची रेघ वापरा, आणि एका ओळीत लिहायचं तर शंका राहू नये म्हणून कंस घाला.

या चिन्हांचं वय पाहिलं तरी हे पटतं. अधिक आणि उणे छापलेले पहिल्यांदा दिसतात ते १४८९ मध्ये, विडमान या जर्मन लेखकाच्या व्यापारी हिशेबाच्या पुस्तकात. बरोबरचं चिन्ह रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये दिलं, गुणिलेची फुली विल्यम ऑट्रेडने १६३१ मध्ये, भागिलेचं चिन्ह योहान रानच्या १६५९ च्या बीजगणितातून आलं. भास्कराचार्यांनी यांतलं एकही चिन्ह न वापरता कंजुषाची कवडी अचूक मोजली, आणि ती मोजताना आठशेहून अधिक वर्षांनी आमच्या घरातल्या कुणालाही शंका आली नाही. कारण त्यांनी गोष्ट पुरी सांगितली होती.

आमची पिढी घरात हे शिकली की दोन शहाणी माणसं एकच नियम पाळून दोन उत्तरांवर येऊ शकतात. तसं झालं तर आवाज वाढवायचा नाही, ओळ पुन्हा वाचायची. समोरच्याने काय ऐकलं ते आधी विचारायचं. आजीला चिन्ह वाचता येत नसलं तरी तिचं म्हणणं बरोबर असू शकतं, हेही तिथेच कळलं. भावंडांत पुढे वाटण्या झाल्या, आजारपणं झाली, गैरसमजही झाले. पण बोलणं तुटलं नाही. त्यात त्या रात्रींचा वाटा आहे असं मी मानते.

म्हणून आता नातवंडांच्या बाबतीत माझा आग्रह आहे. कंचेभागुबेव त्यांच्याकडून पाठ करून घ्याच. करार माहीत असल्याशिवाय दुसऱ्याचं लिहिलेलं वाचता येत नाही. पण पदावली सोडवायला देण्याआधी ती लिहायला द्या. घरातला खरा व्यवहार घ्या, दुधाचा हप्ता, रिक्षाचं भाडं, सहलीची वर्गणी, आणि तो एका ओळीत मांडायला सांगा. मग ती ओळ दुसऱ्या मुलाच्या हाती द्या आणि त्याला गोष्ट सांगू द्या. त्याने तोच व्यवहार वाचला तर लिहिणाऱ्याला गणित आलं. वेगळा वाचला, तर कंस कुठे घालायला हवा होता, हे दोघांनी मिळून शोधायचं.